पूर्वेस डोंगर, पश्चिमेस ओढा

डोंबिवलीच्या मनुष्यास पन्नाशी उलटल्यावर, सदनिकेच्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटल्यावर आणि रक्तातील साखरेचा पहिला अहवाल हाती आल्यावर सह्याद्री दिसू लागतो. तत्पूर्वी तो दिसत नव्हता असे नाही. पावसाळा सरल्यानंतरच्या धुतलेल्या हवेत मलंगगडाचे सुळके शहराच्या निम्म्या गच्च्यांवरून दिसत असत, व आजही, समोरच्या बिल्डरने कृपा केली असल्यास, दिसतात. परंतु सकाळची जलद लोकल गाठावयाची असता डोंगराकडे मान वळवणे ही चैन कोणत्याही नोकरदारास परवडण्यासारखी नव्हती. निवृत्तीच्या सुमारास ती परवडू लागते, आणि नेमका त्याच सुमारास समोर मनोरा उभा राहून मलंगगड अंतर्धान पावतो. मग जो डोंगर हयातभर फुकट दिसत होता तो पाहण्यासाठी चौरस फुटावर दर मोजण्याची सिद्धता मनुष्य करतो. ठाणेकरांची अवस्था याहून फारशी निराळी नाही. त्यांच्या उशाशी येऊरचा डोंगर आहे, आणि तेथील बिबट्या अधूनमधून स्वतः येऊन त्यांची विचारपूसही करून जातो. पण घरबसल्या मिळालेल्या डोंगरास किंमत नसते, असा अनुभव आहे.

या व्याधीचा पहिला ज्ञात रुग्ण ठाण्याचाच होता, ही गोष्ट जिल्ह्याने अभिमानाची मानावी की नाही, हे मी वाचकांवर सोपवतो. 1850 साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट साहेब माथेरानचा डोंगर चढून गेले, तेथील हवा त्यांना मानवली, आणि लवकरच त्यांनी त्या डोंगरावर स्वतःसाठी एक घर बांधून टाकले. डोंगरात जमीन घ्यावयाची तर कलेक्टरसाहेबांची परवानगी आणावी लागते, या पायरीवर पुढील काळात असंख्य सज्जनांचे मनोरथ भग्न झाले. मॅलेट साहेबांना ती पायरी लागली नसावी, कारण परवानगी मागणारा व देणारा एकाच खुर्चीत बसला होता.

त्यानंतर 16 एप्रिल 1853 रोजी आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास आली, पुढच्या वर्षी 1 मे रोजी ती कल्याणास पोहोचली, आणि मोकळ्या हवेच्या शोधार्थ पूर्वेकडे सरकत राहण्याची जी प्रथा तिने पाडली ती अद्याप मोडलेली नाही. गिरगावच्या चाळीत ज्यांचा श्वास कोंडला ते दादरला आले. दादर भरल्यावर त्यांच्या मुलांनी भातखाचरांच्या डोंबिवलीत बिऱ्हाड थाटले. आणि डोंबिवलीच्या फलाटावर दोन्ही पाय एकाच वेळी टेकवण्याची सोय उरली नाही तेव्हा नातवांनी बदलापुरास घरे नोंदवली. मोकळ्या हवेचा स्वभाव मात्र असा चमत्कारिक, की ती नेहमी एक स्टेशन पुढे असते. बदलापुरात घर नोंदवले तेव्हा ती तेथे होती, याला साक्षीदार आहेत. ताबा मिळेपर्यंत ती वांगणीस निघून गेली होती.

रुळांच्या कडेने धावून हवा हाती लागत नाही हे ध्यानात आल्यावर काही चाणाक्ष लोकांनी रूळच सोडले आणि कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता धरला. म्हारळ, वरप, कांबा, रायते, गोवेली अशी गावे मागे टाकीत तीसएक किलोमीटर गेले की तालुक्याचे ठिकाण मुरबाड लागते. एस. टी. स्टँड, तहसील कचेरी, खते-बियाण्यांची दुकाने, औद्योगिक वसाहत आणि या सर्वांच्या मागे, कोणी विशेष लक्ष देत नसतानाही ताठ उभा असलेला सह्याद्री, असे त्या गावाचे रूप आहे. येथे रेल्वे नाही. रेल्वे येणार आहे ही गोष्ट मात्र तेथील प्रत्येकास ठाऊक आहे, ती त्याच्या वडिलांनाही ठाऊक होती, आणि जमिनीचा व्यवहार बोलताना तिचा उपयोग दोन प्रकारे होतो: विकणारा भाव सांगताना ती आली असे धरतो, आणि घेणारा घासाघीस करताना ती येणारच नाही असे धरतो.

आमच्या इमारतीतील अण्णा या वाटेला लागले. त्यांचे खरे नाव देत नाही, कारण त्यांच्या प्रकरणाची एक तारीख अजून बाकी आहे. विमा कंपनीत त्यांची हयात गेली. जगातील प्रत्येक वस्तू जळणार, बुडणार किंवा चोरीस जाणार आहे या श्रद्धेवर त्यांचा संसार उभा होता. आणि तरीही निवृत्तीनंतर तिसऱ्याच महिन्यात त्यांनी घोषणा केली, की उरलेले आयुष्य डोंगराच्या पायथ्याशी, पक्ष्यांच्या कूजनात घालवावयाचे. वहिनी त्या वेळी गवार निवडीत होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "पक्षी स्वयंपाक करतात का?"

अण्णांनी प्रथम शहापूर तालुका पाहिला. हा तालुका म्हणजे मुंबईची पाण्याची तिजोरी. तेथील तानसा तलाव 1892 सालापासून मुंबईकरांची तहान भागवीत आहे, पुढे भातसा धरणही तेथेच झाले, आणि मुंबईचा मनुष्य सकाळी ज्या पाण्याने तोंड धुतो त्यात शहापूरच्या पावसाचा वाटा मोठा असतो. दलालाने अण्णांना एका टेकाडावर उभे करून खाली चमकणारे पाणी दाखवले. अण्णा विरघळले. मग विम्याच्या जुन्या सवयीने त्यांनी सहज विचारले, की प्लॉटवर पाण्याची काय व्यवस्था?

"ती काळजीच सोडा साहेब," दलाल म्हणाला, "एप्रिल लागला की टँकर चालू होतो."

धरणाच्या कुशीतल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायाबापड्या हंडे घेऊन टँकरच्या मागे धावतात, ही या जिल्ह्याची जुनी कहाणी आहे आणि तिच्यात हसण्यासारखे काही नाही. वहिनींनी मात्र परतीच्या वाटेवर अगदी शांतपणे सुचवले, "मग आपण घाटकोपरला घर घेऊ. तिथे शहापूरचं पाणी नळाला येतं." अण्णांनी शहापूर तालुका सोडून दिला.

मुरबाडच्या दिशेस जाहिराती अधिक काव्यमय होत्या. एका रंगीत पत्रकावर सह्याद्रीचे चित्र म्हणून जो डोंगर छापला होता त्यावर बर्फ होते. प्रत्यक्ष जागेवर सिमेंटचे दोन सिंह बसवलेले भव्य फाटक आढळले. फाटकास कुंपण नव्हते, त्यामुळे शेळ्या सिंहांच्या बाजूने ये-जा करीत होत्या. आत चुन्याच्या रेघा मारून क्लब हाऊस, पोहण्याचा तलाव व ज्येष्ठ नागरिकांसाठी विचारविनिमय कट्टा यांच्या जागा दाखवल्या होत्या. कल्याण स्टेशनपासून हे स्थळ अवघ्या पस्तीस मिनिटांवर असल्याचे पत्रकात म्हटले होते, आणि ते असत्य नव्हते. फक्त हे अंतर पहाटे तीन वाजता, शहाडचा पूल रिकामा असताना मोजावे लागते. दलालाने अण्णांना बाजूस घेऊन, आवाज उतरवून सांगितले की शेवटचा एकच प्लॉट उरला आहे. शेजारी उभ्या असलेल्या ठाण्याच्या कुटुंबासही तोच प्लॉट उरला होता.

येथे अण्णांच्या आयुष्यात सातबारा आला.

सातबाऱ्याचा उतारा हा मराठी गद्यातील एक उपेक्षित वाङ्मयप्रकार आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाची हे असते, नमुना बारामध्ये तिच्यात काय पिकते हे असते, आणि दोहोंच्या मध्ये तीन-चार पिढ्यांचे कुटुंबपुराण इतक्या मितभाषी शैलीत सामावलेले असते की कादंबरीकारांनी लाजावे. मेल्यानंतर मनुष्य स्वर्गस्थ होतो ही शास्त्राची समजूत. महसूल खात्याच्या मते तो कंसात जातो. अण्णांनी पाहिलेल्या पहिल्याच उताऱ्यावर एका खातेदाराच्या नावापुढे 'अ. पा. क.' असे लिहिलेले होते, म्हणजे अज्ञान, पालनकर्ता आई. अण्णांना त्या पोरक्या बालकाची दया आली. तेवढ्यात ते बालक काठी टेकीत स्वतःच पुढे आले, खाटेवर बसले, आणि आपल्या नातवास पाणी आणावयास सांगते झाले. त्याचे अज्ञान 1960 च्या सुमारास नोंदले गेले होते; सज्ञान झाल्याची वर्दी तलाठ्यास देण्याचे कोणास सुचले नव्हते. दुसऱ्या नावापुढे 'ए. कु. मॅ.' होते, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्या कुटुंबात पाच चुली, तीन फौजदारी आणि दोन दिवाणी दावे होते. एकत्र असा फक्त तो मॅनेजर राहिला होता, आणि तोही कंसात.

पण उताऱ्याचे खरे मर्म उजव्या बाजूच्या 'इतर हक्क' या रकान्यात असते. मालकाचे नाव म्हणजे केवळ मुखपृष्ठ. कथानक इतर हक्कांत. तेथे विविध कार्यकारी सोसायटीचा जुना बोजा असतो, विहिरीत कोणाचा तरी चार आणे हिस्सा असतो, बहिणींची नावे असतात, आणि एखाद्या कोपऱ्यात बारीक अक्षरात अशी एक ओळ असते की जिच्यामुळे वरचे सगळे व्यर्थ ठरते. अण्णांना आवडलेला एक तुकडा वर्ग दोनचा, म्हणजे शर्तीचा निघाला. दुसरा, ओढ्याकाठचा, आदिवासी खातेदाराचा निघाला. अशी जमीन बिगर आदिवासीस परवानगीवाचून घेता येऊ नये असे जमीन महसूल संहितेचे 36 अ हे कलम सांगते, आणि या एका कलमाने त्या डोंगरपट्ट्यात जेवढे काही मूळ माणसांकडे राहिले आहे तेवढे राहिले आहे, हे अण्णांनीही मान्य केले. तिसरा तुकडा इतका लहान होता की 1947 च्या तुकडेबंदी कायद्याने तो अस्तित्वातच नव्हता. त्यावर भेंडी छान आली होती.

चौथ्या तुकड्यात दोष नव्हता. दोष अण्णांत निघाला. 1948 च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या 63 व्या कलमान्वये शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, नाहीतर कलेक्टरची परवानगी. अण्णांची शेती म्हणजे गॅलरीतील तुळस, कोरफड व एक मिरचीचे रोप, ज्यास मिरची लागत नसे.

यात एक कौटुंबिक जखम उघडी पडली. अण्णांच्या आजोबांची रत्नागिरीकडे भातशेती होती, ती कुळांकडे होती, आणि 1 एप्रिल 1957 या दिवशी त्याच कायद्याने कुळे मालक झाली. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे योग्यच झाले, असे अण्णा भाषणात म्हणतात. घरी मात्र त्यांच्या आजोबांना जमिनीऐवजी जे गाऱ्हाणे मिळाले ते स्थावर इस्टेटीप्रमाणे वारसाहक्काने खाली आले आहे. आजोबांची जमीन ज्या कायद्याने काढून घेतली त्याच कायद्याने नातवास ती घेण्याचीही बंदी करावी, हे अण्णांना अतिरेकाचे वाटले. मग कोणीतरी सल्ला दिला की कोकणात वडिलार्जित एखादा गुंठा जरी नावावर निघाला तरी शेतकरी असल्याचा दाखला मिळतो. दोन पिढ्या ज्यांनी मूळ गावास पत्र टाकले नव्हते ते अण्णा एका रात्री कोकणकन्येने निघाले व सकाळी चुलतभावाच्या अंगणात उभे राहिले. चुलतभावाने त्यांस ओळखावयास वेळ घेतला, ओळखल्यावर पहिला प्रश्न केला, "जेवायला आलायस की हिश्शाला?"

हिस्सा होता. अडीच गुंठे कातळ व एका रायवळ फणसाची निम्मी सावली. पण वारसनोंद कधी झालीच नव्हती, आणि करावयाची तर चौदा वारसांच्या सह्या हव्या होत्या, ज्यांपैकी एक टोरांटोस असून दुसऱ्याने संन्यास घेतला होता. संन्याशाने सही देण्याची तयारी दाखवली. टोरांटोवाल्याने फणसाचे बाजारमूल्य विचारले. अण्णा फणसपोळी घेऊन परत आले.

अखेरीस मुरबाड ओलांडून सरळगावच्या वाटेवर एका गावी रीतसर बिनशेती केलेल्या भूखंडांची लहानशी वसाहत सापडली व तिच्या टोकाचे चार गुंठ्यांतील एक बैठे घर विकाऊ असल्याचे कळले. मूळ शेतकऱ्याने बाकीचे भूखंड डोंबिवली-ठाण्याच्या लोकांना एकेक करून विकले होते आणि आता स्वतःचे राहते घरही काढले होते. खरेदीखताच्या मसुद्यात चतुःसीमा अशी लिहिली होती: पूर्वेस डोंगर, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस वहिवाटीचा रस्ता, उत्तरेस इतरांची मिळकत. अण्णांनी हा परिच्छेद घरी मोठ्याने वाचून दाखवला, तो शेजारच्या ब्लॉकमधील आम्हांसही ऐकू आला. पूर्वेस डोंगर! सरकारी कागदावर, मुद्रांकासहित, डोंगर! वकिलांनी त्यांना समजावले की चतुःसीमेत जे लिहिलेले असते तेवढेच नेमके आपले नसते. सीमा म्हणजे आपले जेथे संपते ते. हे अण्णांना पटले नाही. आजही ते पाहुण्यांना डोंगर दाखवताना "आपला" असा शब्दप्रयोग करतात.

या मार्गाने घाटाकडे जाणाऱ्याने काहीतरी भरूनच पुढे जावे, ही रीत फार जुनी आहे. मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याहून नाणेघाट चढला की वर सातवाहन राणी नागनिकेचा लेख असलेली गुहा आहे, आणि जवळच दगडाचा एक भला थोरला रांजण. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणाऱ्या मालाची जकात त्यात टाकीत, अशी समजूत आहे. रांजणाचे आता मुद्रांकशुल्क झाले, एवढाच दोन हजार वर्षांतील फरक. मात्र 1 एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात राहते घर स्त्रीच्या नावे घेतल्यास या शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली, आणि अण्णांनी आयुष्यात कोणतीही सवलत सोडलेली नाही. त्यामुळे ज्या वहिनींनी या बेतास पहिल्यापासून विरोध केला होता त्या मालकीण झाल्या, आणि ज्यांनी फंडाचे पैसे ओतले त्या अण्णांना 'लिहून घेणार यांस ओळखणारा इसम' म्हणून खाली सही करावी लागली. वहिनी म्हणाल्या, "हे मला ओळखतात, एवढं तरी सरकारदरबारी लिहून मिळालं."

निबंधकाच्या कचेरीत तो दिवस बाकावर गेला, कारण सर्व्हर डाउन होता. बाकाच्या एका टोकास अण्णा व दुसऱ्या टोकास लिहून देणारा शेतकरी. या बाकावर माझ्या मते ठाणे जिल्ह्याचा सारा अर्थव्यवहार बसलेला असतो. शेतकऱ्याने चार गुंठे दिले, म्हणजे 4,356 चौरस फूट, आंबा आणि अंगणासकट. आणि त्या पैशांत त्यास कल्याणात मिळाले ते सहाव्या मजल्यावरचे चारशे चौरस फूट. मुलाचे लग्न अडले होते. "कल्याणला खोली नाही म्हटल्यावर मुलगी कोण देतो, साहेब?" असे त्याने सांगितले. अण्णांच्या मुलाने, उलट, डोंबिवलीत राहावे लागते म्हणून पुण्यास बदली मागून घेतली होती. दोघेही परस्परांकडे अत्यंत कणवेने पाहत होते; ज्या जागेतून आपण जीव घेऊन सुटलो तेथे हा बिचारा पैसे देऊन जात आहे, असा भाव दोन्ही मुखांवर होता, आणि सौजन्यापायी कोणीच तो बोलून दाखवीत नव्हते.

"तिकडं पाणी चोवीस तास येतं ना हो?" शेतकऱ्याने विचारले.

अण्णांना आपल्या इमारतीतील, आठवड्यातून एकदा कोरडा पडणारा नळ आठवला. "येतं की. दाबानं येतं. आणि इथल्या विहिरीला बारमाही पाणी?"

"अजून तरी आटली नाही," शेतकरी म्हणाला, आणि छताकडे पाहू लागला.

"गाडीला गर्दी असते म्हणतात?"

"सवय होते. इथे साप वगैरे?"

"सवय होते."

तेवढ्यात सर्व्हर आला. यंत्राने शेतकऱ्याचा अंगठा नाकारला, कारण तो नांगराने झिजला होता. अण्णांचाही नाकारला, कारण तो विम्याच्या कागदांनी झिजला होता. वहिनींचा मात्र पहिल्या खेपेस उमटला.

राहावयास गेल्यावर अण्णांना पहिले नवल वाटले ते सूर्याचे. पूर्वेस डोंगर असल्याने तो उशिरा उगवे, आणि लोकलच्या सवयीने पावणेपाचला जागे होणारे अण्णा अंधारात खुर्ची टाकून त्याची वाट पाहत बसत. दुसरे नवल शांततेचे. जिच्यासाठी सारा खटाटोप केला ती शांतता पहिल्याच रात्री इतकी कानठळ्या बसवणारी निघाली की अण्णांना झोप येईना. शेवटी नातवाने पाठवलेले, चालत्या गाडीचा खडखडाट असलेले ध्वनिमुद्रण मोबाइलवर लावून ते झोपू लागले. तो मोबाइलही घरात चालत नाही. ओढ्याच्या काठी एक काळा दगड आहे, त्यावर उभे राहून तोंड मुरबाडकडे केले असता रेंज मिळते, आणि संध्याकाळी त्या दगडापुढे वसाहतीतील पाच-सहा मंडळी ओळीने उभी राहिलेली दिसतात. त्यांत पुढे घुसणारा बहुधा डोंबिवलीचा असतो.

आणि गावाचे डोळे! डोंबिवलीत समोरच्या दारातील मनुष्य वारला तरी चौथ्या दिवशी कळते. मुरबाडच्या बाजारपेठेत अण्णांनी औषधाच्या दुकानातून जुलाबावरच्या गोळ्या घेतल्या, आणि ते स्टँडवर पोहोचेपर्यंत कंडक्टरने त्यांना दाराजवळची जागा राखून ठेवली होती. पुढले आठ दिवस दूधवाला, पानवाला, शाळेतील गुरुजी आणि ज्यांच्याशी अण्णांचा परिचय नव्हता असे दोन-तीन सज्जन "आता बरं आहे ना पोट?" अशी आस्थेने चौकशी करीत होते. अण्णांना प्रथम संकोच वाटला, मग राग आला, आणि एके दिवशी कोणीच काही विचारले नाही तेव्हा बेचैन वाटले.

वहिनींचे निराळेच घडले. पहिल्या पावसाच्या तोंडावर डोंगरावरील पाड्यातून एक ठाकरीण पाटीत शेवळे घेऊन आली. जांभळट-तपकिरी रंगाचे, कळीसारखे मिटलेले, हातभर लांब दांडे. वहिनींनी कौतुकाने दोन जुड्या घेतल्या आणि नेहमीच्या भाजीप्रमाणे फोडणीस घालू लागल्या. ठाकरीण पायरीवरून उठली नव्हती. ती आत डोकावून म्हणाली, "काकडं नाय घातली तर घसा धरंल. साहेबाला डाक्टर लागंल." मग तिने पदराच्या गाठीतून काकडाची हिरवी आंबट फळे काढून दिली, आतला पिवळा भाग काढून टाकावयास शिकवले, आणि चिरताना हातास तेल लावावयास लावले. कल्याण-ठाण्याच्या कायस्थ प्रभू घरांत ही विद्या पिढीजात आहे. वहिनींच्या चित्पावनी पाकशास्त्रात ती नव्हती. त्या दिवसापासून दोघींचे जे गूळपीठ जमले त्याचा परिणाम असा झाला, की टाकळा, भारंगी, कुर्डू, कंटोली अशा क्रमाने श्रावणापर्यंत वहिनी रानात जाऊ लागल्या आणि अण्णा घर सांभाळू लागले. म्हशाच्या यात्रेलाही, जेथे बैलांचा मोठा बाजार भरतो, वहिनी तिच्याबरोबरच गेल्या आणि बैलाचे दात कसे पाहतात हे शिकून आल्या. आता त्या अण्णांकडेही त्याच नजरेने पाहतात, अशी अण्णांची तक्रार आहे.

जुलैत उल्हास नदीला पूर येऊन रायत्याचा पूल पाण्याखाली गेला की डोंबिवली तुटते. हे दिवस वसाहतीतील सर्वोत्तम. कारण पूल उघडा असतो तेव्हा दर रविवारी डोंबिवली येथे येते. माळशेजचे धबधबे पाहावयास निघालेले मेहुणे, साडू, जुने सहकारी आणि इमारतीच्या कार्यकारिणीचे सदस्य वाटेत 'पाच मिनिटे' उतरतात, ओल्या चपला पडवीत काढतात, पिठले-भाकरीची फर्माईश करतात आणि निघताना म्हणतात, "अण्णा, तुम्ही सुखी. काय शांतता आहे हो!" त्या वेळी घरात अठरा माणसे असतात.

वसाहतीतील सगळेच डोंबिवली-ठाण्याचे, तेव्हा सोसायटी स्थापन होणे अटळ होते. पहिल्या सभेत अध्यक्षपदासाठी चार अर्ज आले. घरे अकरा होती. अण्णा सचिव झाले. फाटकावर काळा फळा लागला, त्यावर पाण्याच्या वेळा, गाड्या उभ्या करण्याचे नियम व थकबाकीदारांची नावे झळकू लागली, आणि ज्या दिवशी पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा गोंधळात तहकूब झाली त्या दिवशी कित्येकांना बऱ्याच दिवसांनी घरी आल्यासारखे वाटले. नंतरच्या सभेत कोंबड्याचा विषय निघाला. वसाहतीलगत गावठाण आहे, गावठाणात एक कोंबडा आहे, तो पहाटे साडेतीनला आरवतो, आणि त्यामुळे निसर्गसान्निध्यासाठी आलेल्या ज्येष्ठ नागरिकांची निद्रा भंग पावते, असा ठराव बहुमताने संमत झाला.

हा रोग आपल्याकडचाच नाही, हे नमूद केले पाहिजे. फ्रान्समध्ये ओलेरॉन बेटावर सुटीचे घर घेतलेल्या शहरी मंडळींनी शेजारच्या मोरिस नामक कोंबड्यावर फिर्याद केली होती; 2019 च्या सप्टेंबरात न्यायालयाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला, आणि 2021 साली तेथील संसदेने ग्रामीण भागातील आवाज व वास यांस संरक्षण देणारा कायदाच केला. मी ही माहिती अण्णांना वेळीच पुरवली होती. परंतु फ्रान्सचे निर्णय मुरबाड तालुक्यास लागू नाहीत, असे म्हणून त्यांनी ग्रामपंचायतीकडे रीतसर अर्ज केला, सोबत ठरावाची खरी नक्कल जोडली, आणि पोच घेतली.

महिनाभराने लेखी उत्तर आले. ते अण्णांनी मला वाचावयास दिले, तेव्हा वहिनी माजघरात तोंडास पदर लावून उभ्या होत्या. त्यात म्हटले होते, की सदर कोंबडा हा गावठाणातील मूळ रहिवासी असून त्याची पहाटेची वहिवाट पूर्वापार व निर्वेध आहे. तिला हरकत घेण्याची मुदत अर्जदारांच्या वसाहतीस बिनशेती आदेश मिळण्यापूर्वीच संपलेली असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. तसेच सचिवांच्या घरी दर रविवारी रात्री साडेअकरापर्यंत पाहुण्यांचा गलका चालतो, त्यामुळे सदर कोंबड्याची झोप पुरी न होऊन तो अवेळी आरवतो, अशी त्याच्या मालकाची तोंडी तक्रार दप्तरी नोंदवून घेतली असून, सचिवांनी आपला खुलासा सात दिवसांचे आत सादर करावा.